ऋषीची भाजी आणि थर्माकोलचं खोकं

आमच्या घरात भाजी तीन जागी होते. इमारतीच्या मागल्या पट्ट्यात माझे वाफे. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या. आणि बाल्कनीत सूनबाईची पाण्यातली शेती, मासेवालीकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत. यातलं बरं कुठलं, असं कोणी विचारलं तर मागच्या श्रावणापर्यंत मी प्रश्न पुरा होऊ द्यायचो नाही. वाफा. विषय संपला. आता कोणी विचारलं तर मी घसा खाकरतो आणि पावसापाण्याचं बोलतो.

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातलं अर्धं वर्ष गुरांमागे गेलं. लिहायला बसलोय खरा, पण शब्द जुळवताना घाम येतो. मातीचं मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही. कोकणातल्या परसात आई जे करायची ते बघत मोठा झालो. मोहने गावातल्या कारखान्यात लागलो तेव्हा चाळीमागे नळाचं पाणी वाहून जायचं तिथे वाफा काढला. मुळा असा यायचा की उपटताना दोन्ही हात लावायला लागायचे. साहेबलोक गाडी थांबवून न्यायचे. मी कधी पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर मी भाजीवाला झालो असतो. न घेतल्यामुळे मी कोणीतरी होतो.

रिटायर झाल्यावर डोंबिवलीला मुलाच्या फ्लॅटवर आलो. इमारतीमागे कंपाउंडच्या भिंतीला लागून एक पट्टा होता. बिल्डरने सगळी घाण तिथेच गाडलेली. विटांचे तुकडे, फरशा, सिमेंटच्या गोण्या वाळून दगड झालेल्या. एक आख्खा उन्हाळा ते उपसत होतो. ठाकुर्लीच्या तबेल्यातून शेण आणलं, रिक्षातून. रिक्षावाला म्हणाला, "काका, ही रिक्षा आहे, बैलगाडी नाय." मी त्याला सांगितलं, "बैलगाडी असती तर तुला कोणी विचारलं असतं?" तो हसला, पण पुढच्या खेपेला दुसरीकडे बघून निघून गेला.

वाफ्याचं सुख काय ते करणाऱ्यालाच कळतं. एकदा माती जमली की ती चूक पोटात घालते. एखाद दिवस पाणी चुकलं, खत कमी पडलं, तरी माती सांभाळून घेते. त्रास आहेत. घुशी मुळं खातात, गोगलगायी रात्रीत पानांची चाळण करतात, तण काढता काढता कंबर धरते. पण पीक निघतं ते ओंजळीने नाही, टोपलीने.

बादलीचं तसं नाही. बादलीतली माती दोन वर्षांत विटेसारखी होते. गच्चीवरच्या उन्हात बादली तापते, मुळं भाजतात. भेंडी येते, मिरची येते, वांग्याचं झाड उभं राहतं, पण पाहुण्यासारखं. सूनबाईने एक वर्ष नारळाच्या भुशाच्या पिशव्या करून बघितल्या. उचलायला हलक्या, पाणीही धरतात. पण भुशात स्वतःचं काही नाही, जेवढं घालाल तेवढंच झाडाला मिळणार. वर त्या पिशव्या खालच्या मजल्यावर ठिबकायच्या आणि खालून ओरडा यायचा.

मग तिने पाण्याचं काढलं. खोक्याला आतून काळं प्लॅस्टिक, झाकणाला भोकं, भोकांत जाळीच्या छोट्या वाट्या, वाटीत भाजक्या मातीच्या गोळ्या आणि रोप. खाली पाणी. पाण्यात दोन बाटल्यांतलं खताचं औषध मोजून. माती नाही, खुरपं नाही, तण नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, "याला सलाईन लावलंय काय?"

"तसंच समजा, बाबा," ती म्हणाली.

"मुळं कुजतील."

"नाही कुजत. बघाच तुम्ही."

मी बघितलं नाही. ती बाल्कनीत असली की मी मुद्दाम हॉलमध्ये बसायचो. ती बँकेत कामाला, शिकलेली, मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं करणारी. माझ्याशी कधी वर तोंड करून बोलली नाही. तरीसुद्धा घरात माझ्या विषयात दुसरं कोणी बोलतंय हे मला सोसायचं नाही. साधं कारण आहे. माझ्याकडे दुसरा विषयच नव्हता.

आता ऋषीपंचमीचं सांगतो. आमची ही हे व्रत लग्नापासून धरते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर लागलेल्या शेतातलं चालत नाही. परसात हाताने लावलेलं, हाताने काढलेलं, तेवढंच. अळू, माठ, पडवळ, शिराळं, भोपळा, भेंडी, सगळं एका टोपात, फोडणीशिवाय. बाजारात त्या दिवसांत ऋषीच्या भाजीचे वाटे मिळतात, सगळ्या इमारतीतल्या बायका तेच आणतात. आमच्या हिने कधी आणला नाही. मोहन्याला असल्यापासून तिची भाजी माझ्या वाफ्यातली. तिचा उपास आणि माझा वाफा, असा तो आमचा दोघांचा सण होता. गणपती गावी भावाकडे, त्यामुळे आमच्या घरात मोठा दिवस हाच.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, साखर वाढलेली आहे, आता उपास बंद. ती म्हणाली, एवढं एक वर्ष करते आणि उद्यापन करून सोडते. शेजारच्या बायकांना जेवायला बोलवायचं ठरलं. मला म्हणाली, "अहो, सगळी भाजी घरची पाहिजे हं. एक पानसुद्धा बाहेरचं नको. एवढ्या वर्षांचं आहे, शेवटाला बाट नको."

मी म्हटलं, "हे मला सांगायला लागतं?"

त्याच वर्षी उन्हाळ्यात सोसायटीने मागच्या बाजूला पेव्हर ब्लॉक बसवले. त्यामुळे रस्ता उंच झाला आणि माझा पट्टा खाली राहिला. पूर्वी पावसाचं पाणी वाफ्यातून गटाराकडे निघून जायचं, ती वाट आता बंद झालेली. हे सूनबाईच्या लक्षात आलं. एकदा बँकेतून येताना थांबली आणि म्हणाली, "बाबा, या वर्षी वाफे वर उचलून घेतले तर? गादीवाफे. पाणी तुंबेल असं वाटतंय."

मी खुरपं खाली ठेवलं. म्हटलं, "तू बँक सांभाळ. पाणी कुठून जातं ते मला कळतं."

ती "बरं बाबा" म्हणून वर गेली. मला ते दिसत नव्हतं असं नाही. पण तिने सांगितल्यावर मी वाफे उचलले असते तर ते तिचे वाफे झाले असते. म्हणून मी होते तसेच ठेवले, वर बांध आणखी चांगले लिंपून काढले. म्हणजे शिरलेलं पाणी जरासुद्धा बाहेर जाऊ नये याची सोय मीच केली.

श्रावणात झड लागली. माठ वीतभर झालेला, पडवळाचे वेल मांडवाला लागलेले. पाणी शिरलं आणि राहिलं. मी तांब्याने उपसलं, बादलीने उपसलं, बांध फोडला, पण जायला जागाच नव्हती. चार दिवसांनी माठ पिवळा पडला, मग आडवा झाला. वेलांची मुळं ओढली तर हातात साल आली. मुळं कुजतील, असं मी ज्या तोंडाने तिला म्हणालेलो, ती मुळं माझ्याच मातीत कुजली. एका कोपऱ्यात अळू तेवढा उरला, त्याला पाण्याचं काय.

हिचे गुडघे गेलेले. खाली उतरणं तिने सोडलंय. रोज विचारायची, "माठ कुठवर आलाय?" मी म्हणायचो, "येतोय." "पडवळ धरलं?" "धरतंय." खोटं बोलताना मला काही वाटत नव्हतं असं नाही, पण उद्या काहीतरी मार्ग निघेल असं रोज वाटायचं. मार्ग काही निघाला नाही. वाफा वाळून पुन्हा पेरण्याइतके दिवस उरले नव्हते.

त्याच सुमारास बाल्कनीतली खोकी वाढली. एकाची चार झाली. त्यात लाल माठ, हिरवा माठ. बियाणं कोणत्या जातीचं, कशाला, हे मी विचारलं नाही. मनात म्हटलं, ऊत आलाय.

पण रोप वर आलं तसं मला तिकडे बघायला लागलं. लाल माठ असा तरारलेला की मातीत येणार नाही. पानावर किडीचं भोक नाही, मातीचा शिंतोडा नाही. ती ऑफिसला गेली की मी बाल्कनीत जायचो. एक दिवस झाकण उचलून बघितलं आणि मला बरं वाटलं. पाणी अर्ध्यावर उतरलेलं. मुळं वर उघडी लोंबत होती. म्हटलं, बघा, आरंभशूर. लावलं आणि लक्ष नाही. खोक्याच्या आत तिने नेलपॉलिशने एक रेघ मारलेली होती. मी समजलो, इथवर पाणी पाहिजे आणि हिने ठेवलेलं नाही. नळाचं पाणी आणून रेघेच्या वर भरलं. मुळं सगळी बुडवली. झाडाला पाणी घातलं की जिवाला शांत वाटतं, तसं वाटलं.

रोज घालत गेलो. कोणाला बोललो नाही. मनात असं होतं की पीक आलं की एकदा ऐकवायचं, पाणी कोण घालत होतं ते विचार.

आठवडाभरात माठाने मान टाकली. आधी वाटलं ऊन लागलं, म्हणून अजून पाणी घातलं. मग पानं लोंबली ती उठलीच नाहीत. आणि तेव्हा मला काय वाटलं ते लिहायलाच पाहिजे. मला आनंद झाला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांना मी बोलावून बाल्कनीत नेलं.

"बघा, ही पाण्यातली शेती. मातीला सोडून काही होत नाही."

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "काल-परवापर्यंत छान होतं की!"

"दिसायला छान. आत काही नाही. पोकळ."

तेवढ्यात सूनबाई ऑफिसमधून आली. आमचं बोलणं तिने ऐकलं असणार. पर्स न ठेवताच तिने झाकण उचललं. कुजका वास आला. खालची मुळं चहाच्या चोथ्यासारखी झालेली. तिने बोट रेघेवर ठेवलं, पाणी रेघेच्या कितीतरी वर होतं. त्या बाई "येते हं" म्हणून निघून गेल्या.

"बाबा, यात कोणी पाणी घातलं?"

"पाणी उतरलेलं," मी म्हटलं. "तुझं लक्ष नव्हतं."

ती खाली बसली. आवाज चढवला नाही. समजावून सांगावं तसं म्हणाली, "उतरायलाच हवं असतं. झाड पाणी पितं, पाणी खाली जातं, वर जागा होते. त्या जागेतल्या मुळांना हवा मिळते. वरची मुळं श्वास घ्यायची, खालची पाणी प्यायची. ही रेघ त्याच्यासाठी होती, एकदा रोप मोठं झालं की याच्या वर पाणी कधीच येऊ द्यायचं नाही." मग जरा थांबून म्हणाली, "हे आईंच्या ऋषीपंचमीसाठी लावलेलं. खाली काही उरलं नाही ते मला येता-जाता दिसतंय ना. म्हटलं, हेपण हातानेच लावलेलं, याला कुठे बैल लागला? तुम्ही तुमचं म्हणून आईंच्या हाती दिलं असतंत तरी चाललं असतं."

माती चूक पोटात घालते म्हणून मी वर लिहिलंय. पाणी चूक पोटात घालत नाही. पण ते पाण्याचं वैगुण्य म्हणायला मी कोण? मी एकदा विचारलं असतं, अगं ही रेघ कशाची, तर चार शब्दांत काम होतं.

आतून हिने हाक मारली, "काय झालं गं?"

सूनबाईने माझ्याकडे बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, "काही नाही आई, माझा माठ गेला. घाईघाईत पाणी जास्त भरलं मी."

"तरी म्हणत होते हे," आतून आवाज आला.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी ती उशिरा आली. मला फोन करून खाली बोलावलं. हातात दोन भरलेल्या पिशव्या. ऑफिसातून ती सरळ शीळफाट्याकडे गेलेली. तिथे आतल्या गावात अजून काही घरांना परस आहे. ओळख ना देख, दारोदार जाऊन विचारत फिरलेली, "हे हाताने लावलंय ना? बैल नाही ना लागला?" एका आजीने म्हणे विचारलं, "बैल ठेवायला जागा कुठे हाय गो बाय आता?" आणि मांडवावरचं पडवळ स्वतः काढून दिलं. भोपळा, शिराळी, भेंडी, माठाच्या जुड्या. पावसात भिजून तिच्या ड्रेसला चिखल लागलेला. एवढा चिखल मला त्या पट्ट्यात अख्ख्या हंगामात लागला नसेल.

"तुम्ही घेऊन जा वर," ती म्हणाली. "वाफ्यातलं म्हणा. खालचा अळूपण कापून घ्या, म्हणजे खोटंही होणार नाही पूर्ण."

मी अळू कापला. पिशव्या घेतल्या. लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यात बघितलं नाही.

हिने पिशव्या ओतल्या आणि दोन्ही हात जोडले, भाजीला की मला ते कळलं नाही. म्हणाली, "एवढ्या पावसात एवढं काढलंत!" मी हातपाय धुवायला गेलो आणि तिथेच बराच वेळ नळ सोडून बसलो.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. पानं मांडली. सगळ्या घरात उकडलेल्या अळूचा आणि ओल्या खोबऱ्याचा वास. मी दाराशी खुर्ची टाकून बसलेलो, यजमान म्हणून. सगळ्या बायका चव घेऊन बोलू लागल्या. बाजारातल्या वाट्याला ही चव नाही, काकांच्या हाताला गुण आहे, वगैरे. ही फुलून गेलेली. उपासाने चेहरा उतरलेला, तरी बोलत होती. मोहन्यापासूनचं सगळं सांगितलं, मुळा, साहेबांची गाडी. मग सूनबाई वाढत होती तिच्याकडे वळून म्हणाली, "शिक जरा ह्यांच्याकडून. तुझं पाण्यातलं गेलं ना कुजून? व्हिडिओ बघून भाजी होत नसते बाई."

सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही. समोरच्या बाई सगळ्यांत जास्त हसल्या, कारण त्यांनी ती खोकी बघितलेली आणि माझं भाषणही ऐकलेलं. सूनबाईपण हसली आणि पुढच्या पानात भाजी वाढायला वाकली. तिच्या पायाला कालचं काहीतरी लागलेलं, पट्टी होती.

मी उभा राहिलो. म्हटलं, "ही भाजी माझी नाही."

ही म्हणाली, "काय?"

"अळू तेवढा माझा. तोही आपोआप आलेला. वाफा बुडाला. तिने आधी सांगितलेलं बुडेल म्हणून. हे सगळं तिने गावात फिरून आणलंय. आणि तिची खोकी तिने नाही घालवली, मी घालवली. पाणी ओतून."

नीट बोलता आलं नाही. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो काका, चालायचंच." दुसऱ्या एकीने पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. मला वाटलेलं, बोललो की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. सगळ्या बायका पानाकडे बघत होत्या आणि मी मध्ये उभा.

ही सूनबाईला म्हणाली, "खरं?"

"आई, भाजी गार होतेय," ती म्हणाली.

ही भिंतीला धरून उठली. गुडघ्याने कळ मारली ते दिसलं. पळी तिच्या हातातून घेतली, तिला खांद्याला धरून आपल्या पाटावर बसवलं आणि तिच्या पानात स्वतः वाढलं. माझ्याकडे बघितलं नाही. बायका जेवल्या, ओटी घेऊन गेल्या. मी भाजी जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

संध्याकाळी ही बाल्कनीत बसलेली. मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हणाली, "व्रत झालं. परसातलं होतं, हातचं होतं, देवाला चाललं असेल. त्याचं मला काही नाही. पण तिला मी चारचौघींत बोलले. ते शब्द माझ्या तोंडून गेले. ते मी आता कुठे ठेवू?"

मी तिथल्या रिकाम्या खोक्याचं झाकण सरळ केलं.

"उपास संपले," ती म्हणाली. "पण भाजी दर वर्षी करायची. तिला विचारून लावा."

मी बरं म्हणालो.

आता आषाढ सरत आलाय. बी आणून ठेवलंय, कपाटात. वाफे उंच करायचे तर किती, आणि खोक्यात यंदा भेंडी धरेल का, हे तिला विचारायचं आहे. रोज सकाळी ती ऑफिसला निघते तेव्हा मी दारापर्यंत जातो. ती चप्पल घालते, वर बघते, थांबते. मी म्हणतो, "छत्री घेतलीस का?" ती म्हणते, "घेतली, बाबा." लिफ्ट येते. मी आत येऊन बसतो.